‘अंकल’ म्हणजे कोण?

विद्यार्थीमित्रहो, ‘माझे अंकल काल मुंबईहून आले’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य मराठीत उतरवावयाचे झाले की आपली लेखणी क्षणभर अडखळते. आलेले गृहस्थ काका, की मामा, की आत्याचे यजमान? इंग्रजास हा प्रश्न पडत नाही. आपल्या चंदगडातील लहान मुलासही तो पडल्यावाचून राहत नाही. असे का व्हावे?

‘अंकल’ हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. लॅटिन भाषेत आजोबांस ‘आवुस’ म्हणत. त्यापासून ‘आवुंकुलुस’ म्हणजे ‘लहान आजोबा’ हा शब्द झाला, आणि त्याचा अर्थ होता आईचा भाऊ, म्हणजे आपला मामा! बापाच्या भावास ‘पात्रुउस’ हे निराळे नाव होते. ‘आंट’ हा शब्द ‘आमिता’पासून निघाला, आमिता म्हणजे आत्या. मावशीस ‘मातेर्तेरा’ म्हणत. ‘कझिन’चे मूळ जो ‘कोन्सोब्रीनुस’, तोही प्रथम मावसभाऊच होता.

प्राचीन इंग्रजीतही चुलत्यास व मामास वेगवेगळे शब्द होते. परंतु १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, राजदरबारी फ्रेंच भाषा आली, आणि पुढील शतकांत तिच्यातील ‘अंकल’ने त्या दोन्ही शब्दांची जागा घेतली. अशा रीतीने मामाचे नाव काकासही मिळाले आणि आत्याचे मावशीस.

मराठीने मात्र आपले भांडार जपले. मातृष्वसेपासून मावशी, भागिनेयापासून भाचा, ननान्दृपासून नणंद, यातृपासून जाऊ, असे आपले शब्द संस्कृतातून उतरले. अण्णा व अक्का हे कानडीने दिले. आणि त्यात आश्चर्य ते काय? चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. शेजाऱ्यांशी सोयरीक झाली म्हणजे शब्दांचीही होतेच.

कोणी म्हणेल, इतकी नावे हवीत कशाला? त्याचे उत्तर आपल्या घरच्या कार्यांत सापडते. बारशास बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. लग्नात वधूस बोहल्यावर आणण्याचा मान मामाचा. आपल्याकडील पुष्कळ घराण्यांत मामाची मुलगी सून म्हणून चालते; चुलत्याची मुलगी मात्र सख्ख्या बहिणीसमान. या दोघींस ‘कझिन’ या एकाच शब्दात बसविले, तर केवढा घोटाळा होईल! प्रत्येक नावामागे एक मान आहे, एक कर्तव्य आहे आणि एक मर्यादा आहे.

आज पुष्कळ घरांत काका, मामा, शेजारी व दुकानदार हे सारेच ‘अंकल’ झाले आहेत. इंग्रजी अवश्य शिकावे. तिच्याही शब्दांना केवढा इतिहास आहे, हे आपण आताच पाहिले. परंतु जो शब्द इंग्रजीने परिस्थितीवश गमावला, तो आपण हौसेने का टाकावा? म्हणून पालकांस एवढीच विनंती, की घरी पाहुणे आले असता मुलांस त्यांचे नाते नीट सांगावे. आणि मित्रहो, या सुटीत आजीजवळ बसून आपल्या साऱ्या नातेवाइकांची नावे व नाती वहीत उतरून घ्या. आजीस जे तोंडपाठ आहे, ते पुढे आपल्यावाचून दुसरे कोण सांगणार?