राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेतील ‘राज्य’ आणि ‘नोकरी’ : २०१७-१८ च्या हंगामाच्या निमित्ताने

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या ग्रामीण भागाला कबड्डी नवी नाही. परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावी मऊ माती आणि रेषा आखण्यापुरता चुना मिळाला की मैदान तयार होते. तथापि गावच्या मैदानापासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेपर्यंतच्या वाटेवर खेळाडू नेमका कोणाच्या वतीने खेळतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात ६५ व्या वरिष्ठ गट राष्ट्रीय स्पर्धेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला असून, तुलनेसाठी आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलचा त्याच सुमाराचा हंगाम घेतला आहे.

हैदराबादचा अंतिम सामना :

पुरुषांची पहिली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५२ मध्ये मद्रास येथे झाली. ६५ वी स्पर्धा डिसेंबर २०१७ च्या अखेरीस हैदराबाद येथे सुरू होऊन जानेवारी २०१८ च्या पहिल्या आठवड्यात संपली. रिशांक देवाडिगा याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अंतिम सामन्यात सेनादलाचा ३४-२९ असा पराभव केला आणि ११ वर्षांनंतर अजिंक्यपद मिळविले. पाच गुणांचे अंतर कबड्डीत फारसे मोठे नसते. एक लोण चढला तरी दोन जादा गुण मिळतात, आणि तत्पूर्वी बाद झालेल्या गड्यांचे गुण वेगळेच.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा सामना दोन राज्यांमधील नव्हता. एका बाजूला राज्य होते, तर दुसऱ्या बाजूला नोकरी देणारी संस्था होती. सेनादल व भारतीय रेल्वे यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या बरोबरीने उतरतात. रेल्वेत भरती झालेला खेळाडू रेल्वेकडून खेळतो. त्याचे गाव कोणत्या राज्यात आहे, याला मग महत्त्व उरत नाही. ज्या जिल्ह्याने त्याला घडविले, त्याच्याच राज्याविरुद्ध चढाई करण्याचा प्रसंग त्याच्यावर येऊ शकतो.

आयर्लंडमधील रीत :

गेलिक फुटबॉल हा हात व पाय दोहोंनी खेळला जाणारा, प्रत्येकी १५ खेळाडूंचा खेळ आहे. २०१७ च्या हंगामात चेंडू आडव्या दांड्यावरून गेल्यास एक गुण आणि जाळ्यात गेल्यास गोल, म्हणजे तीन गुण मिळत. खेळाची संघटना १८८४ मध्ये स्थापन झाली व पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा १८८७ च्या हंगामाची. संघ काउंटीचा, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्याचा असतो, आणि खेळाडू मानधनाशिवाय खेळतात. सप्टेंबर २०१७ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ८२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर डब्लिनने मेयो काउंटीला १-१७ विरुद्ध १-१६, म्हणजे अवघ्या एका गुणाने हरविले. १९५१ नंतर मेयोला अजिंक्यपद मिळालेले नव्हते. तरीही आपले खेळाडू दुसऱ्या संघाने नेले, असे म्हणण्यास मेयोच्या लोकांना फारसा वाव नव्हता.

आणखी एक विरोध उद्‌बोधक आहे. ब्रिटिश सैन्य व उत्तर आयर्लंडचे पोलीस यांतील व्यक्तींना त्या संघटनेचे सभासदत्व नाकारणारा नियम २००१ पर्यंत अस्तित्वात होता. त्यामागे वसाहतकालीन संघर्षाचा इतिहास होता. म्हणजे तेथे गणवेशधारी मनुष्य मैदानाबाहेर ठेवला गेला, तर आपल्याकडे गणवेश हेच मैदानाचे सर्वोच्च बक्षीस ठरले.

नोकरीचा प्रश्न :

केवळ भावनेच्या दृष्टीने पाहता आयरिश रीत अधिक सरस वाटेल. परंतु मानधनाविना खेळणे हे ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न आहे त्यालाच परवडते. कोरडवाहू दोन एकरांवर घर चालविणाऱ्या कुटुंबातील मुलाला ‘राज्याची अस्मिता’ सांगून रेल्वेची नोकरी नाकारावयास लावणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणाचे धोरण स्वीकारले, त्याचे महत्त्व याच संदर्भात समजून घ्यावे लागते. राष्ट्रीय स्पर्धेचे प्रमाणपत्र हे अनेकांच्या दृष्टीने पदकापेक्षा मोलाचे असते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने तिसरा मार्ग दाखविला. तेथे संघांना शहरांची नावे असली तरी खेळाडू लिलावातून येतात. पहिल्या हंगामात राकेश कुमारसाठी लागलेली १२ लाख ८० हजार रुपयांची बोली सर्वाधिक होती. हा पैसा काही हंगामांचा, नोकरी निवृत्तीपर्यंतची. हा फरक खेळाडूचे पालक आपणा प्राध्यापकांपेक्षा अधिक चांगला ओळखतात.

म्हणून संस्थांचे संघ वगळावेत असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. राज्याने व जिल्ह्यातील सहकारी संस्थांनी खेळाडूला आपल्याच भूमीत नोकरी दिली, तर निवड त्याच्या हाती राहील. हैदराबादच्या विजयानंतर पुढील राष्ट्रीय स्पर्धा २०१९ मध्ये रायगड जिल्ह्यातील रोहा येथे झाली. घरच्या प्रेक्षकांसमोरही महाराष्ट्राला अजिंक्यपद राखता आले नाही. पुरुष गटाचे विजेतेपद भारतीय रेल्वेकडे गेले.