आकडा राहिला, वही पुसली!

बालमित्रांनो, संगणकाचं बटण दाबल्यावर आत काय काय घडतं, ठाऊक आहे? आधी जागं होतं फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली आज्ञावली. ते पुढच्या आज्ञावलीला उठवतं, आणि शेवटी येतो कर्नल. सैन्यातला नव्हे हं! हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा.

पण मधेच कुणी खोटी आज्ञावली घुसवली तर? त्यासाठी टीपीएम नावाची सुरक्षा-चिप असते. उठणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीचा ठसा, म्हणजे एक मोठा आकडा, चिपला दिला जातो. चिपमध्ये २४ कप्पे असतात. कप्प्यातल्या जुन्या आकड्यात नवा मिसळायचा आणि आलेलं उत्तर तेवढं ठेवायचं, ही तिची रीत.

वही-पेन्सिल घ्या. शून्यापासून सुरुवात. जुन्या आकड्याची तिप्पट करा, त्यात नवा मिळवा. ४, ७, २ घेतले तर ४, १९, ५९ येतात. आता ७, ४, २ घ्या. उत्तर ७७! क्रम बदलला की उत्तरही बदललं.

पण नुसतं ५९ सांगून कुणाला काय कळणार? म्हणून फर्मवेअर नोंदवही लिहितं. लिनक्स उठताना तिची प्रत साध्या मेमरीत ठेवतं. तपासणारा वही वाचून गणित पुन्हा करतो. उत्तर चिपशी जुळलं, तर वही खरी.

लिनक्समध्ये २००५ पासून केएक्सेक नावाची सोय आहे. मशीन बंद न करता, फर्मवेअरला वगळून, जुना कर्नल थेट नव्याच्या हाती कारभार देतो. मोठ्या सर्व्हरचा वेळ वाचतो. चिपमधला आकडाही तसाच राहतो. पण वहीची जागा राखीव आहे, हे नव्या कर्नलला कळत नव्हतं. मोकळी जागा समजून तो तिथे आपलं सामान मांडायचा, आणि वही पुसली जायची! मग प्रामाणिक मशीनलाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येईना.

२०२४ साली ही उणीव दूर झाली. आता वही अशा प्रकारच्या मेमरीत ठेवतात, जिला नवा कर्नलही हात लावत नाही.

जाता जाता एक कोडं. ५९ आणणारे दुसरे तीन आकडे शोधा पाहू! आपल्या खेळात ते सापडतील. चिपच्या गणितात मात्र ते शोधणं जवळजवळ अशक्य. म्हणून तर तिच्यावर भरवसा!