हजार वर्षांचा करार

बॉस्टन शहराने १८८२ साली हार्वर्ड विद्यापीठाशी एक करार केला. जमीन शहराच्या मालकीची, झाडे विद्यापीठाने सांभाळायची, रस्ते आणि बंदोबस्त शहराने पाहायचा, आणि लोकांना रोज विनामूल्य आत सोडायचे. भाडे वर्षाला एक डॉलर. मुदत एक हजार वर्षे. ती संपल्यावर आणखी हजार वर्षे वाढवून घ्यायची सोयही त्यात आहे. अर्नोल्ड आर्बोरिटम या वृक्षोद्यानाबद्दल मला वाटणाऱ्या आदराचे मूळ या कागदात आहे. ओक लावणाऱ्याला पुढच्या चार पिढ्यांची जबाबदारी आजच ठरवावी लागते, आणि इथे ती खरोखर ठरवली गेली.

पैसा जेम्स अर्नोल्ड यांचा. देवमाशांच्या शिकारीच्या धंद्यात श्रीमंत झालेले हे न्यू बेडफर्डचे व्यापारी १८६८ साली वारले. त्यांच्या इस्टेटीचा काही भाग १८७२ साली विश्वस्तांनी हार्वर्डला दिला. अट अशी, की इथल्या उघड्या हवेत जगू शकेल असे प्रत्येक झाड-झुडूप, देशी असो वा परदेशी, इथे लावायचे. जमीन मात्र कस गेलेल्या जुन्या शेताची होती. पहिले संचालक चार्ल्स स्प्रेग सार्जंट यांनी १८७३ पासून १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सलग चौपन्न वर्षे, तिच्यावर काम केले. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क घडवणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी त्यांच्यासोबत वळणदार रस्ते आखले. रस्त्यांच्या कडेने झाडे कुळांच्या क्रमाने लावली. आपल्या सोनचाफ्याचे भाऊबंद असलेले मॅग्नोलिया मुख्य दरवाजाजवळ भेटतात, सूचिपर्णी वृक्ष पार पलीकडच्या टोकाला.

आज २८१ एकरांवर पंधरा हजारांहून अधिक झाडे-झुडपे आहेत, आणि प्रत्येकावर एक छोटा पत्रा लटकतो: शास्त्रीय नाव, कूळ, नोंदणी क्रमांक, मूळ ठिकाण. जमिनीला जसा सातबारा, तसा झाडाला हा पत्रा. माझ्या मते संस्थेचे खरे धन हेच. सुंदर झाडे कोणत्याही चांगल्या बागेत असतात; पण हे बी कोणत्या डोंगरातून, कोणी, कधी आणले हे सांगता आले तरच त्या झाडावर अभ्यास उभा राहतो.

फ्रँकलिनियाचेच पाहा. पांढऱ्या फुलांचे हे छोटे झाड १७६५ साली बार्ट्राम पितापुत्रांना जॉर्जियातल्या आल्टामाहा नदीकाठी दिसले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर रानात ते कोणालाच आढळलेले नाही. बार्ट्रामांनी आपल्या बागेत वाढवलेल्या झाडांचा वंश तेवढा उरला, आणि त्यातली जुनी, पसरलेली झाडे इथे उभी आहेत.

चीन आणि जपानमधली झाडे इथे इतकी का? पूर्व आशिया आणि अमेरिकेचा पूर्व भाग यांच्या वनस्पतींत विलक्षण साम्य आहे, हे हार्वर्डचेच वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले होते. त्यामुळे पूर्व आशियातले झाड बॉस्टनच्या हिवाळ्यात तगण्याचा संभव मोठा. म्हणून सार्जंट यांनी अर्नेस्ट विल्सन या इंग्रज वनस्पतिसंग्राहकाला १९०७ साली चीनला पाठवले. कागदासारखी तांबूस साल सुटणाऱ्या मेपलची रोपे त्यांनी आणली. १९१० च्या दौऱ्यात दरड कोसळून त्यांचा पाय मोडला. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय फळ्यांसारखे बांधून ते अरुंद वाटेवर आडवे पडले असताना आलेला खेचरांचा तांडा त्यांच्या अंगावरून ओलांडून गेला. एकाही खेचराचा पाय त्यांना लागला नाही. पुढे ते जन्मभर लंगडत चालले आणि तरीही झाडांसाठी हिंडत राहिले.

मेटासिक्विया या वृक्षाची कथा त्यानंतरची. १९४१ साली जपानी शास्त्रज्ञ शिगेरू मिकी यांनी या प्रजातीला नाव दिले ते केवळ जीवाश्मांवरून. त्याच दशकात मध्य चीनमध्ये जिवंत वृक्ष सापडले. उद्यानातले वनस्पतिशास्त्रज्ञ एल्मर मेरिल यांनी बिया गोळा करण्यासाठी चिनी शास्त्रज्ञांना पैसे पाठवले, १९४८ च्या आरंभी बिया पोहोचल्या, आणि मेरिल यांनी त्या जगभरच्या संस्थांना वाटून टाकल्या. स्वतःजवळ दाबून न ठेवण्याची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

मे महिन्यातल्या एका रविवारी लायलॅकच्या झुडपांचा बहर पाहायला अख्खे शहर लोटते. पूर्वी उद्यानात शिदोरी सोडून बसायला परवानगी असे ती त्या एकाच दिवशी.

किडींची झळ इथेही बसते. हेमलॉक वृक्षांच्या टेकडीवर १९९७ साली जपानकडून आलेला लोकरी मावा दिसला. कापसासारखे ठिपके धरणारी ही कीड स्थानिक हेमलॉकचा रस शोषून त्याला वाळवून टाकते. कित्येक झाडे गेली, कित्येक तोडावी लागली. त्याच परिसरात वाढणाऱ्या चिनी हेमलॉकला मात्र ती जवळजवळ शिवत नाही, हे इथल्या अभ्यासकांनी नोंदवले. ही जात पहिल्यांदा बॉस्टनला आणली ती विल्सन यांनी, १९१० साली. तेव्हा कीड नव्हती, गरज नव्हती. झाड लावले गेले, क्रमांक दिला गेला, आणि शतकाच्या शेवटी किडीला दाद न देणारे हेमलॉक शोधू लागलेल्यांना ते नोंदीसकट हाताशी मिळाले.