इन्शुलिनच्या बाटलीत आज काय असते?

गोळ्यांनी साखर आटोक्यात येईनाशी झाली की डॉक्टर इन्शुलिनचा विषय काढतात, आणि जैन घरात दोन भीती एकदमच प्रवेश करतात. पहिली सुईची. ती चार-आठ दिवसांत सरते. दुसरी मात्र डॉक्टरांसमोर सहसा बोलली जात नाही. घरी परतल्यावर आजी सुनेला हळूच विचारते, "अगं, ते डुकराचं असतं ना?" सुनेला नक्की माहीत नसते, मुलगा दुकानात असतो, आणि एवढ्या शंकेवर इंजेक्शन सहा-सहा महिने लांबणीवर पडते. तोवर पायाची जखम चिघळते, डोळ्यांच्या पडद्याला इजा होते.

आजीबाईंची शंका निराधार नाही. एके काळी ती अक्षरशः खरी होती. आज ती बव्हंशी खरी राहिलेली नाही. परंतु "आता सगळे शाकाहारीच असते," हे औषधविक्रेत्याचे झटपट उत्तरही पूर्ण खरे नाही. या दोन्हींच्या मधली वस्तुस्थिती समजून घ्यायची, तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क काढण्यास आरंभ केला. प्रयोग कुत्र्यांवर झाले आणि पुढे अर्कासाठी कत्तलखान्यातील गुरांची स्वादुपिंडे वापरात आली. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याचा फारसा गुण आला नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीला तो पुन्हा टोचला, तेव्हा मुलाची साखर उतरली. तो पुढे तेरा वर्षे जगला. त्यापूर्वी अशा मुलांपुढे उपासमारीचा आहार आणि काही महिन्यांचे आयुष्य एवढेच असे. शोधाचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला अवघ्या एकेक डॉलरला देण्यात आले. व्यापारी वाचकाने हा आकडा लक्षात ठेवावा, कारण याच औषधाची किंमत पुढे अमेरिकेत गरिबांच्या आवाक्याबाहेर गेली.

औषध सापडले, पण ते आणायचे कोठून? अमेरिकेत इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीने उत्पादन हाती घेतले. डेन्मार्कमध्ये ऑगस्ट क्रोग यांनी पुढाकार घेतला. त्यांच्या पत्नीलाच मधुमेह होता. दोन्हीकडे कच्चा माल एकच, कत्तलखान्यातून बर्फात येणारी डुकरांची आणि गुरांची स्वादुपिंडे. दोन टनांहून अधिक अवयव वापरावेत तेव्हा सुमारे आठ औंस, म्हणजे पाव किलोहूनही कमी, शुद्ध इन्शुलिन हाती येई. ही जनावरे इन्शुलिनसाठी मारली जात नव्हती, ती मांसासाठीच मारली जात आणि स्वादुपिंड हा उपपदार्थ होता, असा युक्तिवाद तेव्हाही होई. पण उपपदार्थाला गिऱ्हाईक मिळाले की मूळ धंद्याचे गणित सुधारते, हे कोणत्याही पेढीवर समजावून सांगण्याची गरज नाही. सुमारे साठ वर्षे जगातील मधुमेही या साखळीवर जगले.

सत्तरच्या दशकात काळजी वेगळीच होती. मधुमेही वाढत होते, आणि जनावरांची संख्या मांसाच्या मागणीवर ठरत होती. शिवाय काही रुग्णांना परक्या प्राण्याच्या इन्शुलिनची ॲलर्जी होई. फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनच्या रेणूची पूर्ण रचना उलगडून १९५८चे नोबेल मिळवले होते. एकूण ५१ अमिनो आम्लांची ती साखळी. डुकराच्या इन्शुलिनमध्ये माणसाहून एका ठिकाणी फरक, गाईच्या इन्शुलिनमध्ये तीन ठिकाणी. म्हणजे काय बनवायचे ते माहीत होते, प्राण्याविना कसे बनवायचे ते माहीत नव्हते.

१९७६ साली रॉबर्ट स्वान्सन नावाचा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, भांडवल गुंतवणुकीच्या व्यवसायातील तरुण सॅन फ्रान्सिस्कोत प्राध्यापक हर्बर्ट बॉयर यांना भेटायला गेला. बॉयर आणि स्टॅन्ली कोहेन यांनी १९७३मध्ये एका जीवाच्या जनुकाचा तुकडा जिवाणूत बसवण्याची रीत सिद्ध केली होती. दहा मिनिटांसाठी ठरलेली भेट तीन तास चालली. दोघांनी प्रत्येकी पाचशे डॉलर घालून जेनेनटेक ही कंपनी काढली. १९७८मध्ये सिटी ऑफ होप या संस्थेतील केइची इताकुरा आणि आर्थर रिग्ज यांच्या साथीने त्यांनी जिवाणूकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेतले. उत्पादनासाठी एली लिलीशी करार झाला आणि ऑक्टोबर १९८२मध्ये 'ह्युम्युलिन' या नावाने त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. तत्पूर्वी, ऑक्टोबर १९८०मध्येच, जेनेनटेकचा समभाग बाजारात आला होता. ३५ डॉलरला देऊ केलेला भाग तासाभरात ८८ डॉलरवर गेला. कंपनीकडे तेव्हा विकायला एकही औषध नव्हते! बाजार कधी कधी शास्त्रज्ञांच्याही पुढे धावतो आणि पुष्कळदा तोंडघशी पडतो. येथे मात्र त्याचा अंदाज चुकला नाही.

या कृतीतील एक तपशील जैन वाचकाला विशेष महत्त्वाचा वाटेल. जिवाणूत बसवलेले ते जनुक कोणा प्राण्याच्या किंवा माणसाच्या शरीरातून काढलेले नव्हते. रचना माहीत असल्याने ते प्रयोगशाळेत रसायनांपासून जोडून तयार केले होते. असे जनुक वर्तुळाकार डीएनएच्या तुकड्यात जोडतात आणि तो तुकडा ई. कोलाय या जिवाणूत किंवा यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या भाईबंदांत, सोडतात. पोलादी टाकीत साखर, क्षार, हवा आणि योग्य उष्णता मिळाली की हे जीव झपाट्याने वाढतात आणि स्वतःच्या प्रथिनांबरोबर इन्शुलिनही घडवतात. मग गाळण, शुद्धीकरण, तपासणी. बाटलीचा जो उग्र वास येतो तो त्यात टिकवणुकीसाठी घातलेल्या क्रेसॉलचा; प्राण्याशी त्याचा संबंध नाही.

येथे अभ्यासू श्रावक प्रश्न करील, की टाकीतले अब्जावधी जीव तरी जीवच ना? प्रश्न योग्य आहे. जैन विचार जीवांत इंद्रियांनुसार भेद करतो आणि गृहस्थाच्या हिंसेतही संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे प्रकार मानतो. संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायची. बाकीच्यांत विवेक आणि मर्यादा राखायची. पंचेंद्रिय पशूचे स्वादुपिंड आणि टाकीतली बुरशी यांना एकाच तराजूत कोणी घालणार नाही. तरीही टाकीतील व्यवहाराला पूर्णतः निर्दोष म्हणणे शास्त्राला धरून होईल काय, याचा निर्णय साधु-साध्वी आणि पंडितांनीच द्यावा.

हे तंत्रज्ञान भारतात रुजले त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. वोक्हार्टने २००३ साली 'वोसुलिन' हे यीस्टपासून बनवलेले मानवी इन्शुलिन बाजारात आणले. त्याचे उत्पादन औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होई. पुढल्याच वर्षी बंगळूरच्या बायोकॉनने 'इन्सुजेन' आणले. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८मध्ये भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये दहा हजार रुपयांवर सुरू केलेली ही कंपनी. गमतीची बाब अशी की तिच्या पहिल्या उत्पादनांपैकी एक पपईपासून होते आणि दुसरे माशाच्या हवेच्या पिशवीपासून.

आता आजीबाईंच्या प्रश्नाचा उरलेला भाग. इन्शुलिनची एक बाटली पाण्यासारखी स्वच्छ असते. दुसरी दुधी, जी टोचण्यापूर्वी दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवावी लागते. भारतात सर्रास लिहून दिली जाणारी '३०/७०' ही दुधी असते. तिच्यातले इन्शुलिन यीस्ट किंवा जिवाणूचेच. परंतु ते अंगात सावकाश मुरावे म्हणून त्याला प्रोटामिन या प्रथिनाची जोड दिलेली असते. ही युक्ती डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी १९३६ साली शोधली. प्रोटामिन मिळते सामनसारख्या माशांच्या शुक्रद्रव्यातून. म्हणजे डुक्कर आणि गाय बाटलीतून गेली, तरी मासा अल्प प्रमाणात राहिलाच. साध्या स्वच्छ इन्शुलिनमध्ये तो नाही. २०००च्या सुमारास आलेल्या ग्लार्जिन या दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्शुलिनमध्येही नाही. तेथे रेणूतच असा बदल केलेला आहे की प्रोटामिनची गरज पडत नाही.

इतर औषधांचे चित्र असेच संमिश्र आहे. कावीळ 'बी'ची लस प्रथम मानवी रक्तद्रवातून काढत, १९८६पासून ती यीस्टपासून मिळू लागली. कर्करोगावरील अनेक प्रतिद्रव्ये चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत तयार होतात. त्या पेशींचा वंश १९५७पासून प्रयोगशाळेत वाढत आला आहे. डायलिसिसला आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेला लागणारे हेपारिन आजही डुकरांच्या आतड्यांतूनच येते. इंजेक्शने निर्धोक आहेत का, हे पाहण्यासाठी घोड्याच्या नालेच्या आकाराच्या समुद्री खेकड्याचे निळे रक्त वापरतात. सिंगापूरच्या डिंग जीक लिंग आणि हो बो यांनी त्याला जैवतंत्रज्ञानाचा पर्याय शोधला आहे आणि तो हळूहळू मान्यता मिळवत आहे. कॅप्सूलच्या साध्या टोपणाचे जिलेटिन तर हाडा-कातड्याचेच असते, आणि तेथे वनस्पतिजन्य टोपण उपलब्ध असूनही पुष्कळ कंपन्या दोन पैसे वाचवतात.

अन्नाच्या पाकिटावर असतो तसा हिरवा ठिपका औषधांवर देण्याची सक्ती नाही. तेव्हा वाचायचे ते बारीक अक्षर. बाटलीवर 'आर-डीएनए ओरिजिन' असेल, तर इन्शुलिन प्राण्याच्या अवयवातले नाही. 'आयसोफेन', 'एनपीएच' किंवा 'प्रोटामिन' असेल, तर त्यात माशाचा अंश आहे. तो टाळायचा असल्यास डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पर्याय असतो, थोडा महाग पडतो. परंतु बाटली परस्पर बदलू नये. दुधी आणि स्वच्छ इन्शुलिनच्या कामाच्या वेळा वेगळ्या असतात. शिवाय आपल्याकडील साध्या बाटल्यांत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, ग्लार्जिनमध्ये १००. लाल टोपीची सिरिंज चाळीसच्या बाटलीसाठी असते, नारिंगी टोपीची शंभरच्या. शंभरचे औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये जुन्याच खुणेपर्यंत भरले, तर अंगात अडीच पट मात्रा जाते आणि रुग्ण मध्यरात्री बेशुद्ध होऊ शकतो.