दिवा हळूहळू मालवताना

कंदिलाच्या काळात घरातला उजेड कमी-जास्त करणं हाताच्या चिमटीत होतं. जेवणं आटोपली की वात खाली ओढून कंदील बारीक करायचा आणि तो कोपऱ्यात रात्रभर तसाच ठेवायचा. विजेने घर उजळलं, पण ही सोय काढून घेतली. खटका दाबला की लख्ख उजेड, पुन्हा दाबला की मिट्ट काळोख. मधलं काही उरलं नाही.

हे मधलं आधी परत मिळवलं नाटकवाल्यांनी. अंक संपताना प्रकाश सावकाश ओसरायला हवा, तो खाडकन तुटला तर प्रसंगच मोडतो. सुरुवातीला रंगभूमीवर रोधाचे डिमर असत. दिव्याची वीज कमी करायची आणि उरलेली उष्णता म्हणून हवेत सोडायची. आपल्याकडच्या जुन्या पंख्यांचे पेटीएवढे, हात लावला तर गरम लागणारे रेग्युलेटर याच तत्त्वावर चालत. पुढे गोल मुठीचे डिमरस्टॅट आले. त्यांत वीज वाया जात नसे, पण ते इतके अवजड की घराच्या भिंतीत बसणं शक्य नव्हतं.

घरासाठी वाट मोकळी झाली ती १९५९ च्या सुमारास. न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पायरा या अभियंत्याने आपल्या राहत्या घरी अर्धवाहकावर चालणारा डिमर तयार केला आणि १९६१ मध्ये ल्यूट्रॉन ही कंपनी काढली. कल्पना फार देखणी आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, त्यातलं प्रत्येक अर्धं आवर्तन दहा मिलिसेकंदांचं. त्या दहापैकी काही मिलिसेकंदच वीज दिव्यापर्यंत जाऊ द्यायची, बाकीचा वेळ दार बंद. दिव्याला कमी वीज मिळते आणि तापून वायाही फारशी जात नाही. पंख्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा त्याच कुळातला. तोच बैठकीतल्या दिव्याला जोडण्याची युक्ती आपल्याकडच्या कितीतरी वायरमननी केली आणि ती चालली.

ती चालली याचं श्रेय तारेच्या बल्बलाही द्यायला हवं. तापलेली तार दहा मिलिसेकंदांत थंड होत नाही, त्यामुळे तुटक वीज मिळूनही उजेड सलग दिसतो. नुसता खटका बंद केला तरी ती तार क्षणभर लालसर होत विझते. मंद केल्यावर तिचा प्रकाश पिवळ्याकडून तांबूसपणाकडे झुकतो, संध्याकाळ उतरावी तसा. ऊर्जेच्या हिशेबात हा बल्ब पार नापास होता. डोळ्यांशी वागण्यात मात्र त्याच्याइतका सौम्य विजेचा दिवा नंतर बराच काळ झाला नाही.

ट्यूबलाइट आणि सीएफएलच्या काळाबद्दल या बाबतीत सांगण्यासारखं फारसं नाही. साध्या चोकवरची ट्यूब मंद होत नसे आणि सीएफएलला डिमर मानवत नसे.

मग एलईडी आला. १९९३ मध्ये जपानच्या शुजी नाकामुरांनी तेजस्वी निळा एलईडी बनवला, त्यावर पिवळं स्फुरद्रव्य चढवून पांढरा प्रकाश मिळाला आणि २०१४ मध्ये आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ५ जानेवारी २०१५ ला आपल्याकडे 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत तीनशे रुपयांच्या वर असलेली बल्बची किंमत दोन-तीन वर्षांत चाळिशीच्या आत आली. छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. वीज वाचवण्याचं इतकं मोठं काम इतक्या झटपट झाल्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

याच झपाट्यात घराघरांतले जुने डिमर मुके झाले. साठ वॅटचा बल्ब पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह घेई, नऊ वॅटचा एलईडी त्याच्या एक-षष्ठांशावर भागवतो. एवढ्याशा प्रवाहात रेग्युलेटरमधला ट्रायॅक, म्हणजे वीज सोडणारा-अडवणारा अर्धवाहक खटका, चालू राहू शकत नाही, मध्येच सुटतो. शिवाय बल्बच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा परिपथ, कमी मिळालेली वीजही ओढून-ताणून पुरी करू पाहतो. म्हणून दिवा फडफडतो, गुणगुणतो किंवा अर्ध्यावर येऊन एकदम विझतो. दोष एलईडीचा नाही, ड्रायव्हरचा आहे. एलईडी स्वतः तारेच्या बल्बपेक्षा कितीतरी आज्ञाधारक आहे.

हे सिद्ध केलं हौशी मंडळींनी. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट-बोर्ड जन्माला आला. काही वर्षांत तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळू लागला, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांनी बारा व्होल्टच्या एलईडी पट्ट्या हळूहळू उजळवायला घेतल्या. आर्डुइनोसोबत 'फेड' नावाचा एक नमुना-प्रोग्रॅम येतो. तो उजेड शून्यापासून २५५ पर्यंत पाच-पाचच्या पायऱ्यांनी नेतो आणि प्रत्येक पायरीवर तीस मिलिसेकंद थांबतो. दीड सेकंदात दिवा पूर्ण उजळतो. कागदावर हे अगदी सरळ दिसतं, पण पाहताना दिवा सुरुवातीलाच दचकून उठतो आणि पुढे काही घडतच नाही असं वाटतं. डोळा उजेड सरळ मोजत नाही, ही त्यामागची गंमत. प्रकाशयोजनेतल्या जुन्या ठोकताळ्यानुसार दहा टक्के प्रकाश डोळ्याला बत्तीस टक्क्यांइतका भासतो. पहिली पायरी जेमतेम दोन टक्क्यांची, पण डोळ्याला ती चौदा टक्क्यांची उडी वाटते. खालच्या टोकाला पायऱ्या फार बारीक हव्यात आणि वर जाता जाता मोठ्या. २०१६ मध्ये आलेल्या ईएसपी-३२ या स्वस्त चिपने हजारो पायऱ्या दिल्या, तेव्हा कुठे अंधारातून उजेड न दचकता वर येऊ लागला.

बाजारही मागोमाग आला. २०१२ च्या फिलिप्स ह्यू या स्मार्ट बल्बमध्ये दिव्याचा बदल मुळातच ०.४ सेकंद पसरवलेला असतो. हल्लीच्या बऱ्याच स्मार्ट बल्बांत ही सोय दिसते. मला खटकतं ते एवढंच, की साधं हळूहळू मालवणं मिळवायला वाय-फाय, अ‍ॅप आणि खातं उघडणं असा सगळा संसार मांडावा लागतो. हे काम ड्रायव्हरमधला छोटा परिपथ करू शकतो. ते साध्या बल्बात यायला हवं.

कारण याचा खरा उपयोग शोभेपलीकडचा आहे. काळोखाला पुरतं सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात. रात्री दोनला उठलेल्या म्हाताऱ्या माणसावर एकदम लख्ख प्रकाश पडला की ते सरावणं क्षणात जातं आणि दिवा बंद करून परतताना पुढचं पाऊल दिसत नाही.

म्हणून नव्या घराचं वायरिंग करणाऱ्यांना सांगणं आहे: खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलेच दिवे घ्या आणि एलईडीसाठी बनवलेलाच डिमर लावा, पंख्याचा रेग्युलेटर नको. स्वतः प्रयोग करायचा असेल तर बारा व्होल्टच्या पट्टीवर करा, २३० व्होल्टच्या वाटेला जाऊ नका. आणि एकाच जागी हे करणं परवडणार असेल, तर दिवाणखाना राहू द्या. आजी-आजोबांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर करा.