दंड थोपटले, पण तारीख कुठाय?

मागून बँकर इंजिन लागल्याशिवाय जड गाडी बोरघाट चढत नाही, हे कर्जत-खालापुरात शाळकरी पोरंही सांगतील. हेवीवेट बॉक्सिंगचंही तेच. पुढे दोन चॅम्पियन दिसतात. जोर लावायचा असतो तो मागच्या प्रवर्तकांनी, टीव्ही कंपन्यांनी आणि पट्टे वाटणाऱ्या संस्थांनी. एकानं हात आखडला की लढत जागच्या जागी!

या संस्था एक नाही, चार: डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचा चॅम्पियन वेगळा, त्याला आव्हान देणाऱ्यांची रांगही वेगळी.

टायसन फ्युरी आणि ओलेक्सांद्र उसिक यांचंच बघा. मार्च 2023 मध्ये फ्युरी म्हणाला, पैशातले सत्तर टक्के माझे, तीस तुझे. उसिकनं तेही कबूल केलं! तरी बोलणी फिसकटली, कारण पुन्हा लढायचं झालं तर कोणत्या अटींवर, हे जमेना. मग 17 फेब्रुवारी 2024 ठरली, तर सरावात फ्युरीच्या डोळ्यावर जखम झाली. अखेर 18 मेला रियाधमध्ये उसिक जिंकला आणि हेवीवेटचे चारही पट्टे पहिल्यांदाच एका कमरेला बांधले गेले. टिकले किती? महिनाभर. फ्युरीशी पुन्हा लढायचं, तर आयबीएफच्या रांगेतल्या आव्हानवीराला थांबवावं लागणार. म्हणून जूनमध्ये उसिकनं तो पट्टाच सोडला.

माईक टायसन–होलीफिल्ड लढत ठरली होती नोव्हेंबर 1991 साठी. आधी टायसनची बरगडी दुखावली, पुढे तो तुरुंगात गेला. लढत झाली नोव्हेंबर 1996 मध्ये.

लेनॉक्स लुईस आणि रिडिक बो यांची तर व्यावसायिक लढत झालीच नाही. बोनं 1992 मध्ये डब्ल्यूबीसीचा पट्टा कॅमेऱ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला, पण लुईससमोर तो उभा राहिला नाही.

आपल्या लाल मातीतही हे दुखणं शिरलंय. नोव्हेंबर 2023 मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ दोनदा झाली. फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवलं. त्याच महिन्यात धाराशिवला शिवराजही केसरी झाला. 2025 मध्ये पुन्हा दोन: अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके. (हे कर्जत आपलं नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं.) मल्ल कुणाला घाबरत नाहीत, भांडतात त्या संघटना. पहिलवानाच्या ऐन उमेदीची वर्षं मोजकीच असतात, ती अशी वाया जाताना पाहून जीव तुटतो.

लांबलेल्या लढतींतली सगळ्यात जबर कुस्ती मात्र गामा पहिलवानाची. 10 सप्टेंबर 1910, लंडन. पोलंडचा झ्बिश्को मॅटवर पालथा पडून राहिला, अडीच तास हललाच नाही! कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा जोड ठरली, तेव्हा तो फिरकलाच नाही. निकाल लागला 1928 मध्ये, पतियाळात. दोघंही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. गामानं त्याला एका मिनिटाच्या आत चीतपट केलं.