वाहनकर्जात खपवलेली वस्तू: पैसे परत मागता येतात

वाहनकर्जाच्या कागदांवर सही केली म्हणजे त्यातल्या प्रत्येक रकमेला ग्राहकाचा खुशीचा होकार होता, असे मानणे चूक आहे. मे 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला 10 कोटी रुपयांचा दंड केला. वाहनकर्जदारांना त्रयस्थ कंपनीची बिगरवित्तीय उत्पादने विकणे हे बँकिंग नियमन कायद्याचे उल्लंघन ठरले होते. दंडाने ग्राहकाची भरपाई होत नाही. पण पुढच्याच महिन्यात बँकेने 2013-14 ते 2019-20 या आर्थिक वर्षांत कर्जातून जीपीएस यंत्र घेतलेल्यांना त्यावरील कमिशन परत देण्याचे जाहीर केले.

‘सही तुमचीच आहे’ हा आक्षेप हमखास येतो. मात्र एका सेवेसाठी दुसरी वस्तू घेण्याची सक्ती ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे आणि सहीने ती वैध होत नाही. रक्कम लहान आणि खटाटोप मोठा, हेही पूर्ण खरे नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. तिथे वकील सक्तीचा नाही, आणि कर्ज कुठल्याही शाखेचे असले तरी मुंबईतील अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या रहिवाशांना वांद्र्यातील उपनगर जिल्हा आयोगाकडे जाता येते. आयोगाकडे तक्रारीची मुदत 2 वर्षांची आहे, म्हणून कर्जाचे कागद आजच काढून तपासा.